मदत हवी आहे: देवनागरी टायटल्स आणि रक्त न दाखवता भीती

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात मोशन ग्राफिक्सची कामं करते. सध्या पुण्यात सत्तरच्या दशकात झालेल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरच्या एका माहितीपटाची टायटल्स करतेय, साधारण पन्नास सेकंदांची. दोन ठिकाणी अडलेय.

पहिली अडचण अक्षरांची. 'हत्यासत्र' हा शब्द एकेक अक्षर उमटत यायला हवाय. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये तसं लावलं की 'त्या' फुटतो: आधी पाय मोडलेला 'त्' दिसतो, मग 'या' येऊन चिकटतो. 'त्र'चंही तेच. अंतर जरा वाढवलं तर शिरोरेषा तुटते. मुक्ता आणि बलू, दोन्ही फॉन्ट वापरून पाहिले. शेवटी शब्दाचे आउटलाइन काढले, शिरोरेषा वेगळ्या लेयरवर घेतली, आधी रेघ ओढली आणि मग तिच्याखाली अक्षरं आणली. हे फार छान दिसतंय. पण आत चाळीसेक नावपट्ट्या आहेत, त्या सगळ्या अशा हाताने करायच्या? कुणाकडे स्क्रिप्ट किंवा सोपी युक्ती आहे का?

(वर्तमानपत्रांच्या कात्रणांतल्या फोटोंवर झूम केला की छपाईचे ठिपके थरथरायचे. ६०० डीपीआयला स्कॅन करून, किंचित ब्लर देऊन मग लहान केल्यावर ते थांबलं. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.)

दुसरी अडचण मोठी. दिग्दर्शकांना लाल ओघळ आणि नायलॉनची दोरी हवीय. खुनांत दोरी वापरली होती, आणि म्हणूनच मला ती पडद्यावर नकोय. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसं गेली. त्यांच्या नात्यातलं कुणीतरी हे बघणार. मारणारी मुलं टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकत होती. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात त्यांतल्या चौघांना फाशी झाली. रेघ, रंग, अक्षर, जे मी शिकले तेच तीही शिकत होती. काम करताना हे सारखं मनात येतं.

माझी आजी तेव्हा सदाशिव पेठेत राहायची. ती सांगते, दिवेलागण झाली की दाराला आतून कडी, वर आडवा अडसर, आणि ओळखीचा आवाज आला तरी आधी खिडकीतून बघायचं. मला तेच करायचंय. एकामागून एक दारं लागतात, शेवटच्या दाराला अडसर सरकतो आणि तोच शिरोरेषा होतो, त्याखाली शब्द येतो. लाल रंग कुठेच नाही. दिग्दर्शक म्हणतात, यात भीती नाही. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांचं मत खास हवंय.

आणि कुणाच्या जुन्या वाड्यात लाकडी अडसर अजून शाबूत असेल तर कृपया कळवा. समोरून फोटो हवाय, दार बंद असताना. शुक्रवारी पहिला कट दाखवायचा आहे.