डिटेल ट्रिमर साफ केल्यापासून बाबांच्या मानेला कापतोय, काय चुकलं असेल?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. बाबा ७४ वर्षांचे आहेत, जिना उतरून सलूनला जाणं आता होत नाही म्हणून दर रविवारी मीच त्यांचे कल्ले, मानेवरची लव आणि कानाच्या पाळीवरचे केस छोट्या टी ब्लेडवाल्या (इंग्रजी T सारखं रुंद पातं असलेल्या) ट्रिमरने काढतो. दीड वर्ष छान चालला. मागच्या महिन्यात केस ओढायला लागला म्हणून ब्लेडचे दोन्ही स्क्रू काढले, आत केसांचा नि तेलाचा चिकट गोळा झालेला, तो टूथब्रशने घासून काढला, अंदाजाने परत बसवलं आणि नेहमीसारखं खोबरेल सोडलं. तेव्हापासून तापतो पण खूप आणि परवा कानामागे बारीक लाल रेघ उठली, बाबांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे त्यामुळे रक्त लवकर थांबेना. ते काही बोलले नाहीत पण नंतर ट्रिमर चालू केला की मान आखडून घेतात, ते बघवत नाही हो. नवीन ब्लेड घेऊ की ट्रिमरच बदलू?

कैची_कंगवा
दादा एवढ्यात काही घेऊ नका. माझं सांगलीत सलून आहे, २० वर्षं झाली, हा प्रकार नवीन पोरांकडून हमखास होतो. त्यात दोन पाती असतात, कातडीला टेकतं ते मोठं पातं हलत नाही, त्याच्यावर लहान पातं डावी-उजवीकडे पळतं. पळणाऱ्या पात्याचे दाते मोठ्या पात्याच्या दात्यांपेक्षा केसभर तरी मागे पाहिजेत आणि दोन्ही ओळी एकमेकींना समांतर. तुम्ही अंदाजाने बसवलं म्हणताय म्हणजे एका टोकाला पुढं सरकलं असणार, तेच कापतंय. खिडकीजवळ उजेडात आडवं धरून बघा, दिसेल. स्क्रू थोडे सैल करा, पातं सरळ करा, मग एक इकडचा एक तिकडचा असं थोडं थोडं आवळा, एकदम एकच गच्च आवळला की पातं फिरतं. नंतर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला हलकं फिरवून बघा, टोचलं तर बाबांना लावायचं नाही. झिरो गॅप, म्हणजे दोन्ही पात्यांचे दाते अगदी एका रेषेत आणायच्या नादाला तर घरी बिलकुल लागू नका, वयस्कर माणसाची कातडी सैल नि पातळ असते, दोन बोटांनी ताणून धरायची आणि ट्रिमर दाबायचा नाही.

आणि खोबरेल बंद करा! ते २४ डिग्रीच्या आसपास गोठायला लागतं, थंडीत बाटलीत बघताच ना, तसंच ते पात्यांच्या मध्ये थिजतं, केस त्यात चिकटतात, मोटरवर ताण येतो. तुम्हाला सापडलेला गोळा त्याचाच. ट्रिमरसोबत येतं ते तेल किंवा शिलाई मशीनचं पातळ तेल, दोन कोपऱ्यांत नि मध्ये एकेक थेंब, दहा सेकंद चालू ठेवा आणि जास्तीचं पुसून काढा.

निशिगंधा_आर
मी नर्स आहे म्हणून लिहिते. अशा रेघेवर हळद, तुरटी काही नको, स्वच्छ गॉज ठेवून सलग १० मिनिटं दाबून धरा, मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही, आपण सगळे तिथेच चुकतो. तरी थांबलं नाही तर डॉक्टर. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. टी ब्लेड कानाच्या भोकात किंवा नाकात घालायचा नाही, त्याला गोल टोकाचा वेगळा मिळतो, तोही बाहेर दिसतात तेवढ्याच केसांना. नाकातले केस चिमट्याने उपटणं तर नकोच, मुळाशी पू होतो.
अजून एक, ट्रिमर घरात एकाचा एकालाच. हिपॅटायटिस बी चा विषाणू बाहेर सुकलेल्या रक्तातही ७ दिवस तग धरतो. रक्त लागलं असेल तर पाती आधी घासून साफ करा, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, ते पूर्ण वाळलं की परत तेल, कारण अल्कोहोल तेल काढून टाकतं.

जुना_सोल्डर
वरचं सगळं बरोबर, फक्त अल्कोहोल लावताना ट्रिमर बंद पाहिजे आणि जवळ गॅस, निरांजन नको. नळाखाली धुण्याआधी बॉडीवर नळाची खूण आहे का बघा, नसेल तर फक्त ब्रश. धुताना चार्जरची पिन काढलेली पाहिजे. चिपळूणच्या पावसाळी हवेत ओलं पातं कॅप लावून ठेवलं की गंजणार, उघडं वाळवा. बॅटरी फुगल्यासारखी वाटली, बॉडीचा जोड उघडलेला दिसला तर चार्जिंगला लावूच नका, ई-कचऱ्यात द्या.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. कैची दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, डाव्या टोकाला लहान पातं पुढे आलं होतं, नखाने चाचपलं तर दाता लागत होता. सरळ केलं, खोबरेल पुसून शिलाई मशीनचं तेल घातलं, आवाजच बदलला, आधी घरघर होती आता एकसारखा बारीक. मनगटावर तीनदा फिरवून बघितला, काही नाही. आज बाबांच्या फक्त मानेला लावला, कानामागची रेघ पूर्ण भरेपर्यंत ती बाजू सोडून दिलीय. पहिल्यांदा खांदे वर घेतले त्यांनी, मग अर्ध्यातच सैल सोडले.