टेलफर्डच्या शोमधले स्टॉल

भाऊ, नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या टेलफर्डला स्केल मॉडेलवर्ल्डला, म्हणजे विमानं-गाड्यांच्या छोट्या मॉडेलांच्या प्रदर्शनाला चाललाय आणि ट्रेड स्टॉलवर नेमकं काय घ्यायचं विचारलंस म्हणून सांगतो, जोडायच्या मॉडेलांच्या किटचे मोठमोठे डबे बघून भुलू नको, ते ऑनलाइनही मिळतात आणि बॅगेत निम्मी जागा हवाच खाते. पहिला पैसा छोट्या स्टॉलवर घाल. डिकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं-आकडे), फोटोएच (पातळ धातूचे बारीक भाग), रेझिनचे पार्ट, हे सगळं पाकिटात मावतं. भारतीय हवाई दलाचे डिकल दिसले तर सोडूच नको, मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं, आपल्या शेजारी ओझरला बनायचं ते, १:७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या मॉडेलमध्ये पंख जेमतेम दहा सेंटीमीटर भरतात, कपाटात कुठेही बसतं. जुनं किट घेताना डबा उघडून डिकल पिवळे पडलेत का ते बघ, विचारलं तर स्टॉलवाले उघडू देतात.

किट चिकटवायचा गोंद अन् इनॅमल रंग मात्र घेऊ नको, पेट घेणारी वस्तू म्हणून विमानात चालत नाही, माझी बाटली एअरपोर्टवर काढून ठेवावी लागली, फार जीव तुटला.

अ‍ॅक्रिलिक रंगाचा रिटार्डर, म्हणजे रंग हळू वाळावा म्हणून त्यात घालायचं द्रव, मिळाला तर नक्की घे. जळगावात मे महिन्यात ४५ डिग्रीला रंग एअरब्रशच्या (हवेने रंग फवारायच्या पेनच्या) टोकावरच वाळतो ना.