मदत हवी आहे : विहिरींची पातळी कोळसा खाणीतील पाण्याच्या उपशामुळे खालावली, हे कसे ठरवावे?

उघड्या कोळसा खाणीलगतच्या विहिरींची पातळी चांगल्या पावसानंतरही पूर्ववत होत नाही, आणि रात्रभर बादलीत ठेवलेल्या पाण्याच्या तळाशी तांबूस गाळ बसतो. पावसाळ्यापूर्वी व नंतर पातळी मोजली आहे. तपासणीत सल्फेट दूरच्या विहिरींपेक्षा बरेच जास्त आढळले, सामू (pH, पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) मात्र ७ च्या आसपास, म्हणजे उदासीन आहे. कोळशाच्या थरांतील पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजापासून तयार होणारे आम्ल चुनखडीयुक्त थरांत उदासीन होते, तरी सल्फेट पाण्यात उरते, त्यामुळे केवळ सामू पाहून निर्धास्त राहणे मला धोक्याचे वाटते, कारण हेच पाणी प्यायले जाते. खाणीतील उपशाच्या नोंदी मिळत नाहीत आणि नवी निरीक्षण विहीर खोदणे शक्य नाही. अशा स्थितीत शेतीचा उपसा आणि खाणीचा उपसा यांचा परिणाम वेगळा काढण्यासाठी तुलनेच्या विहिरी कशा निवडाव्यात, आणि मँगनीज व आर्सेनिक यांपैकी आधी काय तपासावे?