हळदीचा डाग साबणाने लाल का झाला?

रव्याचा_लाडू: हळदीच्या कार्यक्रमात नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर हळद सांडली. घरी येऊन कपड्याची वडी घासली, तर पिवळा डाग चक्क लालभडक! साबणात भेसळ आहे का? (त्याला अजून सांगितलं नाहीये.)

निवृत्त_मास्तर: भेसळ नाही हो. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन, आणि ते दर्शक आहे, म्हणजे समोर आम्ल आहे की त्याच्या उलट गुणाची आम्लारी, हे रंग बदलून दाखवतं. आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळं, आम्लारीत तांबडं. धुण्याचा साबण आम्लारीधर्मी, सामू (pH) साधारण ९ ते १०. डागावर लिंबू पिळून बघा. शाळेत मी पोरांना हळद लावलेला टिपकागद द्यायचो, वर चुन्याच्या निवळीचा थेंब. लिटमसपेक्षा हळदच जास्त लक्षात राहते.

सातारची_सून: आमच्या आजी हळदीत चुना कालवून लाल करायच्या, ओवाळणीच्या तबकासाठी.

रव्याचा_लाडू: लिंबू पिळलं, पिवळा झाला. पण गेला कुठे?

निवृत्त_मास्तर: लिंबाने रंग पालटतो, डाग निघत नाही. खळखळून धुवा आणि ओला सदरा कडक उन्हात टाका. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, डाग फिका पडत जाईल. नवऱ्याला तोवर दुसरा सदरा द्या.