जुन्या फायबरच्या बोटीचा तळ रंगवावा का?

धागाकर्ता, सातारा:
कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात बामणोली-तापोळा भागात चालवण्यासाठी आम्ही कोकणातून एक जुनी फायबरची बोट घेत आहोत. तळाचा मूळ जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थर, शाबूत आहे, तरीही अँटिफाउलिंग रंग दिल्याशिवाय ती पाण्यात उतरवू नये, असा सल्ला मिळाला आहे. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. हा रंग समुद्रात तळाला चिकटणाऱ्या कालवांसाठी आणि बार्नकलसाठी (कवचधारी समुद्री जीव) असतो. कोयनेच्या गोड्या पाण्यात ते येतच नाहीत, येते ते शेवाळ, आणि ते मऊ ब्रशने निघते. शिवाय अशा बहुतेक रंगांतले तांबे पाण्यात झिरपत राहते, म्हणूनच तो रंग काम करतो. ते माशांनाही घातक आहे आणि हा जलाशय अभयारण्याला लागून आहे.

तापोळा काठ:
आपली बोट ट्रॉलीवरून घरी जाणार असेल, तर आपले म्हणणे मान्य आहे. पण ती पावसाळाभर काठाला बांधून राहणार असेल, तर प्रश्न केवळ शेवाळाचा उरत नाही. जेलकोटमधून पाणी सावकाश आत मुरते, फायबरच्या आतल्या राळेतील (रेझिन) विद्राव्य घटकांत मिसळते आणि तळाला फोड येतात. गोड्या पाण्यात क्षार कमी असल्याने हा परासरणाचा, म्हणजे त्या घटकांकडे पाणी ओढले जाण्याचा, जोर समुद्रापेक्षा अधिक असतो. तळ उघडा ठेवणे मला धोक्याचे वाटते.

धागाकर्ता, सातारा:
फोडांचा मुद्दा खरा आहे, परंतु तो एपॉक्सी थराच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या राळेच्या लेपाच्या, बाजूने जातो, अँटिफाउलिंगच्या नव्हे. हा रंग पाणी अडवतच नाही. एपॉक्सीसुद्धा तळ पूर्ण सुकल्यावरच द्यावी, नाहीतर ओल आत कोंडून राहते. एखादा फोड टोचल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर आधी दुरुस्ती करावी लागेल, आणि तो खर्च खरेदीच्या किमतीतून वजा करून घ्यावा.

तापोळा काठ:
एपॉक्सी उन्हात पांढुरकी पडून भुकटते, तेव्हा काठावर ओढून ठेवलेल्या बोटीला वरून रंग हवाच. तो तांब्याचा नसावा, एवढे मी मान्य करतो.

कृष्णाकाठ, सांगली:
उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी उतरले की बोटी खडकांवरून आणि चिखलातून ओढाव्या लागतात. मऊ रंग तिथेच खरवडून जाईल. शिवाय एकदा रंगासाठी जेलकोट घासला की मूळ चकाकी परत येत नाही आणि दर काही वर्षांनी पुन्हा रंगवणे मागे लागते. आधी तळाची ओल तपासा, एक हंगाम रंगाविना चालवा, मग ठरवा.

तापोळा काठ:
एका हंगामात फोड दिसतीलच असे नाही. बोट सतत पाण्यात राहणार असेल, तर मी एपॉक्सी देण्यासाठी हंगामभर थांबणार नाही, आधीच देईन.