मदत हवी आहे: श्रीवर्धनजवळच्या घराच्या गॅरेजला वादळात टिकेल असं दार कोणतं?

केवडा

नमस्कार मंडळी,

आम्ही राहतो पुण्यात, कर्वेनगरला. सासऱ्यांचं घर श्रीवर्धनजवळ, किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. घराला लागून गॅरेज आहे आणि त्याचं दार पुढच्या पावसाळ्याआधी बदलायचंय. पुण्यात बऱ्याच ठिकाणी विचारून झालं. जितकी दुकानं तितकी मतं, म्हणून इथे विचारते.

गॅरेजचं तोंड समुद्राकडे, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच. भिंती चिऱ्याच्या, वर लोखंडी कैच्यांवर रंगीत पत्रे. गॅरेजमधून घरात जायला एक आतलं दार आहे. गाडी तिथे आम्ही गेलो तरच असते, एरवी पंप, इन्व्हर्टर, सासऱ्यांची स्कूटर आणि सुपारीची पोती. म्हणजे गॅरेज कमी, कोठार जास्त.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा तिथे साधं रोलिंग शटर होतं. सासरे घरातच होते, त्यामुळे काय आधी झालं आणि काय नंतर हे त्यांनी बघितलंय. शटर फाटलं नाही. पोटात गुद्दा बसल्यासारखं ते आत वाकलं, डाव्या बाजूच्या पट्ट्या गाइडमधून (शटर ज्यात वर-खाली सरकतं ती बाजूची उभी खाच) निसटल्या आणि उजव्या बाजूचं गाइड तर बोल्टांसकट भिंतीतून उपटून आलं. बोल्टांच्या आट्यांत चिऱ्याचा लाल भुगा तसाच होता. शटर आत गेलं आणि मग मागचे पत्रे उडाले. आधी नाही, नंतर. कौलं काय, गावात सगळ्यांचीच गेली. पण पत्र्यांचं मला कोडं पडलंय. दार पुढचं गेलं तर छप्पर मागचं का जावं?

तेव्हा गावात दिवसचे दिवस वीज नव्हती, माणसंही मिळत नव्हती. तेच शटर ठोकून-सरळ करून परत लावलं आणि अजून तेच चालू आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते समुद्रातूनच गुजरातकडे सरकलं म्हणून निभावलं.

आता दुकानदारांचं. एक म्हणतो, २० गेजऐवजी १८ गेजचं शटर घ्या (गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड), प्रश्न मिटला. दुसरा मोटरवर चालणारं, आडव्या पॅनेलचं, छताखाली सरकणारं दार दाखवतो, बंगल्यांच्या स्कीममध्ये असतं तसं. दिसायला देखणं आणि किंमत तिप्पट. "वादळात टिकेल का" म्हटलं की "मॅडम, इम्पोर्टेड आहे" एवढंच उत्तर. तिसरा म्हणतो लोखंडी गेट करून देतो, हत्ती आला तरी हलणार नाही. सगळे पत्र्याच्या जाडीवर बोलतात. भिंत कसली आहे हे एकानेही विचारलं नाही.

तर जाणकारांनी सांगा: नक्की बघायचं काय? गेज, गाइड, की आणखी काही? आणि खाऱ्या हवेत काय टिकतं? सासरे अठ्ठ्याहत्तरचे आहेत, त्यांना एकट्याने उघड-बंद करता आलं पाहिजे.

स्लॅब_बीम

केवडाताई, भिंतीबद्दलची शंका बरोबर आहे, जाडी नंतर बघू. (स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, पुण्यातच काम करतो.)

आधी दारावर जोर किती येतो ते बघा. आयएस ८७५ भाग ३ मध्ये (इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) वाऱ्याचा मूलभूत वेग पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर दिलेला आहे. तुम्ही किनाऱ्यावर आहात, ४४ धरून चला. वेगाचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा, दाब मिळतो न्यूटनमध्ये दर चौरस मीटरला. इथे तो येतो ११६० च्या आसपास, म्हणजे साधारण ११८ किलो. तुमचं दार ८० चौरस फूट, ७.४ चौरस मीटर. एकूण पावणेनऊशे किलो. यात उंचीचे, जागेचे आणि आतल्या-बाहेरच्या दाबाचे गुणक अजून धरलेले नाहीत. आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला की जोर चौपट.

पत्र्याचं कोडं: दार गेलं की वारा आत घुसतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. तो पत्र्यांना खालून ढकलतो. वरून वाहणारा वारा त्यांना आधीपासूनच वर ओढत असतो. दोन्हींची बेरीज झाली की हुक तुटतात. म्हणून गॅरेजचं दार हे छपराचंच काम समजा.

आता शटर. साध्या शटरच्या पट्ट्या गाइडमध्ये नुसत्या सरकवलेल्या असतात, अडकवलेल्या नसतात. वाऱ्याने शटर फुगलं की पट्टीची टोकं आत ओढली जातात आणि गाइडमधून बाहेर पडतात. १८ गेज घेतलं तर थोडं उशिरा पडतील, इतकंच. उपाय म्हणजे विंड लॉक. पट्ट्यांच्या टोकाला आकडे आणि गाइडच्या तोंडाला आतून ओठ, म्हणजे टोक सुटत नाही. पण इथेच खरी मेख आहे. टोक सुटत नाही म्हटल्यावर ताण सगळा गाइडवर येतो, आणि फुगलेलं शटर दोन्ही गाइडना एकमेकांकडे जबर ओढतं. ते गाइड जर चिऱ्यात ठोकलेल्या फास्टनरवर असेल तर तुमच्याकडे २०२० ला झालं तेच होणार, फक्त या वेळी दोन्ही बाजूंनी. चिरा दाबाला चांगला, ओढीला अगदी कच्चा.

तेव्हा दोन्ही बाजूंना आरसीसीचे कॉलम घाला, खाली स्वतंत्र पाया आणि वर लिंटेलला (दारावरच्या आडव्या तुळईला) जोडून. ते जमत नसेल तर जाड लोखंडी चॅनेलची पूर्ण चौकट, खाली-वर बेस प्लेट लावून काँक्रीटमध्ये पक्की केलेली. गाइड त्यावर. या खर्चाआधी शटरचा खर्च करू नका.

पोफळीवाला

मी गुहागरचा, सध्या मुक्काम कोथरूड. शटरच कशाला हवं म्हणतो मी? दोन झडपांचं दार करा, बाहेर उघडणारं. चौकोनी पाइपची फ्रेम, त्यावर पत्रा, आतून वर-खाली कड्या आणि आडवा अडसर. वारा समोरून आला की दार चौकटीवरच दाबलं जातं, जितका वारा तितकं घट्ट. खाऱ्या हवेत शटरची स्प्रिंग आणि खालची पट्टी आधी जाते. गाइडच्या तळाशी वाळू आणि ओल साचते ना, तिथून गंज वर चढतो. पावडर कोटिंगवर जाऊ नका. एक ओरखडा पडला की त्याखालून गंज पसरतो आणि वरून कळतही नाही. फ्रेम वेल्डिंग करून झाल्यावर हॉट डिप गॅल्वनाइझ (वितळलेल्या जस्तात बुडवून) करून घ्या, पुण्यात करून मिळतं. वेल्डिंग आधी, गॅल्वनाइझिंग नंतर. उलटं केलंत तर सगळे जोड उघडे.

नळस्टॉप

अवांतर: आमच्या सोसायटीत गाडी लावण्यावरून दर रविवारी मीटिंग, आणि इथे अख्ख्या गॅरेजच्या दाराची चर्चा. थोडा जळतोय. वाचतोय.

टॅम्पाकर

मी मूळची पुण्याची, सध्या फ्लोरिडात टॅम्पाजवळ. आमच्याकडे हा विषय घरोघरी आहे, म्हणून लिहिते.

२४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडात आलं तेव्हा असंख्य घरांची गॅरेजची दारं आधी गेली आणि मागोमाग छपरं, तुमच्या सासऱ्यांनी पाहिलं त्याच क्रमाने. त्यानंतर नियम कडक झाले, २००२ पासून राज्यभर एकच बांधकाम संहिता आली. मायामी-डेड आणि ब्रोवर्ड या दोन काउंटींमध्ये सगळ्यात कडक. तिथे दार मंजूर व्हायचं तर चार किलोचा लाकडी वासा ताशी साधारण ५५ किमी वेगाने दारावर मारतात, आणि मग त्याच मार खाल्लेल्या दारावर आत-बाहेर असा दाब पुन्हापुन्हा देऊन बघतात. कारण उडून आलेली फांदी किंवा पत्रा आधी भोक पाडतो, वारा नंतर शिरतो. तुमच्याकडे माडाची झापं आणि शेजाऱ्यांचे पत्रे आहेतच.

मंजूर दारावर लेबल असतं आणि त्यावर दाबाचे दोन आकडे, एक अधिक आणि एक उणे. अधिक म्हणजे आत ढकलणारा, उणे म्हणजे बाहेर ओढणारा. आकडे पाउंड प्रति चौरस फूट असतात, पाचाने गुणलं की ढोबळमानाने किलो प्रति चौरस मीटर. त्या "इम्पोर्टेड आहे"वाल्याला या लेबलचा फोटो मागा. नसेल तर ते फक्त देखणं दार आहे.

पण लेबल असलं तरी एक गोष्ट. चाचणी नुसत्या दाराची नसते. दार, रूळ, ब्रॅकेट, स्क्रू, सगळ्याची मिळून असते, आणि बसवायचं कशावर हेही त्यात ठरलेलं असतं. तेच दार चिऱ्याच्या भिंतीवर टांगलं की त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. शिवाय मोटर म्हणजे कुलूप नव्हे. आणि वीज गेली की हाताने उघडायची सोय हवीच.

इथे जुनी दारं असलेले लोक वादळाचा इशारा आला की आतून उभे खांब लावतात, खाली जमिनीत आणि वर तुळईला बोल्ट करून. असं काही तुमच्याकडे करता येईल का, इंजिनियरसाहेब?

स्लॅब_बीम

येईल, आणि हे खरं तर मीच आधी लिहायला हवं होतं. दहा फुटांच्या मधोमध एक काढता-घालता खांब उभा केला की गाळा पाच फुटांचा होतो. गाळा निम्मा झाला की पट्टीला वाकवणारा ताण चौथ्या हिश्शावर येतो. जमिनीत झाकणाचा सॉकेट, वर लिंटेलला ब्रॅकेट आणि पिन. एरवी खांब भिंतीला टेकवून ठेवा. फक्त आतला खांब आत येणारा जोर अडवतो, बाहेर ओढणारा नाही. त्यासाठी शटरच्या बाहेरूनही एक लावा. बाहेरचा आधी आणि आतला नंतर, घरात यायला आतलं दार आहेच तुमच्याकडे.

पोफळीवाले काका, झडपांचं दार मलाही आवडतं, पण पाच फुटांची जड झडप वाऱ्यात धरून बंद करणं अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी धोक्याचं आहे. आणि बाहेर ओढणारा जोर आला की सगळी मदार कड्यांवर आणि बिजागऱ्यांवर. बिजागऱ्या पुन्हा त्याच चिऱ्यात.

जाडीचं आता सांगतो. केंद्रीय बांधकाम खात्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये साडेतीन मीटर रुंदीपर्यंत पट्टी किमान ०.९० मिमी, त्यापुढे १.२० मिमी. तुमचं दार तीन मीटरचं आहे, तरी १.२० च घ्या, गॅल्वनाइज्ड. दुकानात गेज न म्हणता मिलिमीटरमध्ये लिहून घ्या आणि माल आल्यावर मोजा.

पोफळीवाला

वयाचा मुद्दा मान्य. मग झडपा तीन करा, अडीच फुटांची एक रोजच्या वापराला आणि बाकीच्या दोन एरवी कडी लावून बंद. कॉलम करणारच असाल तर बिजागऱ्याही त्यातच जातील. बघा पटतंय का. आणि शटरच घेतलंत तर पावसाळ्याआधी गाइडचा तळ गोड्या पाण्याने धुऊन काढायला सांगा, तेवढं तरी करा.

केवडा

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं कुठल्याच दुकानात ऐकायला मिळालं नव्हतं. पत्र्यांचं कोडं सुटलं.

सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवलं. तीन झडपांचं दार त्यांना पटलंय, शटरचा आवाज त्यांना मुळात आवडत नाही. मला मात्र अजून विंड लॉकवालं शटर आणि मधला खांब बरा वाटतो, कारण झडपा उघड्या असताना वारा सुटला तर काय, हे माझ्या डोक्यातून जात नाही. काहीही ठरलं तरी कॉलम आधी, यावर घरात एकमत आहे. मोटरवालं दार यादीतून गेलं. त्या दुकानदाराला लेबलचा फोटो मागितला, त्याने ब्रोशर पाठवलं.

आता दोन गोष्टी हव्यात. उभ्या चिऱ्याच्या भिंतीत, छप्पर न उतरवता, कॉलम घालून देणारा गवंडी माणगाव-म्हसळा भागात कुणाच्या ओळखीचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि विंड लॉकची शटरं भोसरी किंवा नऱ्हे भागात कुणी स्वतः बनवून घेतली असतील तर गाइडच्या तोंडाचा, आतल्या ओठाचा फोटो टाकाल का? मला जे दाखवलं ते नेहमीचंच गाइड होतं, फक्त जास्त खोल.