वाचता येतं पण कळत नाही, पाच-पाच वेळा वाचून घेऊन उपयोग होतो का?

खडूफळा:
चौथीला भाषा शिकवते. वर्गात एक मुलगा आहे, अक्षरं सगळी ओळखतो पण 'विद्यार्थ्याने' आलं की वि... द्या... आणि पुढे बोट तिथंच, रफार आधी म्हणायचा की नंतर यातच अडकतो, आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेला असतो. काय वाचलंस विचारलं की गप्प. मी तोच उतारा परत परत वाचून घेते. मेंदू कसा शिकतो यावर हल्ली एवढं बोलतात, त्यातलं वर्गात खरंच काय चालतं?

पाटीपेन्सिल:
ताई, आधी तोच उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि मग विचारा. उत्तर आलं तर अडचण अक्षरं जुळवण्यात आहे, नाही आलं तर शब्द किंवा विषयच अनोळखी आहे. वाचनावर संशोधन करणाऱ्या गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये हेच मांडलं, अक्षरं जुळवणं गुणिले भाषेची समज म्हणजे वाचन. बेरीज नाही हां, गुणाकार, एक बाजू शून्य तर सगळंच शून्य.
डोक्यात एका वेळी जेमतेम चारेक गोष्टी मावतात, सगळी जागा र्थ्यानेच खाल्ली तर अर्थाला कुठून उरणार? रफाराचे शब्द रोज थोडे थोडे घ्या, सूर्य, पर्वत, गर्दी, मग एक दिवस सोडून परत.

शब्दखूण:
पाच वेळा वाचून घेणं मात्र कमी करा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर विचारलं तेव्हा परत परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. ती कॉलेजची मुलं होती, तरी मी लहानांकडून पुस्तक मिटून दोन ओळी सांगून घेते, फरक दिसतो.

गोष्टवेल्हाळ:
नुसतं जोडाक्षरांचं घोटणं नको पण. रोज एक गोष्ट वाचून दाखवा, नाहीतर बिचाऱ्याला वाचन म्हणजे रफारच वाटेल.

खडूफळा:
आज वाचून दाखवला. सगळी उत्तरं दिली त्याने, वर धड्यात नसलेला एक प्रश्न मलाच विचारला. इतके दिवस मी त्याला कच्चा समजत होते, फार वाईट वाटतंय. उद्यापासून रफार, आणि गोष्ट पण.